बारव हातात असताना

ही गोष्ट लिहायची मी सहा वर्षं टाळली. एकदा कागद घेऊन बसलो होतो, पण दोन ओळी झाल्या आणि उठून भाजी आणायला गेलो. बायकोला अर्धी माहीत आहे. मुलाला सांगितलीच नाही. पत्त्यांच्या खेळावरून म्हातारा एवढं काय मनाला लावून घेतोय, असं त्याला वाटलं असतं. आता मला बहात्तरावं चालू आहे, आणि आमच्या कॉलनीत अजूनही लोक म्हणतात की सरांनी खेळ काढला आणि तो फसला, कारण सरांचं गणित चुकलं. सरांचं गणित चुकलं नव्हतं. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून मलाच लिहायला हवं.

सर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त गणिताचे शिक्षक. मूळचे कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे, बौद्ध कुटुंबातले, घराण्यात शाळेची पायरी चढलेले पहिले. मी शेंद्र्याचा. आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि मला तिथल्याच एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. तयार झालेला भाग मापात बसतो का बघायचं, आकडा वहीत लिहायचा, बसला नाही तर बाजूला टाकायचा. निवृत्त होईपर्यंत तेरा वर्षं हेच केलं. म्हणून सर मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचे. वयानं ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे.

सर कुणाला वाढीव अर्धा मार्क देत नसत. एकदा माझ्यासमोर एक बाप गावाकडून आला होता. “सर, दोन मार्कांनी पोरगी अडकलीय, बघा की काही.” सर म्हणाले, “दोन मार्कांचा अभ्यास कमी पडलाय. पाठवा, शिकवतो.” आणि त्या मुलीला त्यांनी अख्खी उन्हाळी सुट्टी घरी बसवून शिकवलं.

ज्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या त्या वर्षी ते कुणाशी धड बोलेनासे झाले. मुलगी नागपूरला नोकरीला. ती पंधरा दिवस राहून परत गेली आणि घरात सर एकटे. डबा आमच्याकडून जायचा आणि घासून-पुसून परत यायचा, बस. दारात उभं राहून “काय म्हणता सर?” विचारलं की “चाललंय” म्हणायचे आणि दार लावायचे.

त्या दिवसांत खाली पार्किंगमध्ये मुलं पत्ते घेऊन बसायची. नेहमीचे पत्ते नव्हेत; पाकिटातून विकत मिळणारे, राक्षस आणि योद्ध्यांची चित्रं असलेले. सर तीन दिवस जिन्यात उभं राहून ते बघत होते. चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी माझी बेल वाजवली. हातात एक बुटाचं खोकं. त्यात लग्नपत्रिका कापून केलेले सारख्या मापाचे तुकडे, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काही काही लिहिलेलं.

“बसा इन्स्पेक्टर. तुमच्या कामाची चीज आहे,” सर म्हणाले. चार महिन्यांत एका दमात एवढं ते पहिल्यांदाच बोलले. “पोरांच्या त्या खेळात मारामारीचे पत्ते लई आहेत. पण पत्ता नुसता हातात असून भागत नाही. तो खाली ठेवायला ताकद लागते, आणि ती देणारे पत्ते वेगळेच. ज्याच्याकडं ते भारी, तो जिंकला. मारामारी दिखाव्याची आहे. खरा खेळ त्या ताकदीच्या पत्त्यांत आहे.”

“मग?”

“मग आपल्याकडं ताकद म्हणजे काय?”

“पैसा,” मी म्हटलं.

“मराठवाड्यात राहता आणि पैसा म्हणता? पाणी हो, पाणी.”

खेळ साधा होता. प्रत्येकाकडे चाळीस पत्त्यांचा कॅट. पाच पत्ते हातात घेऊन सुरुवात, दर फेरीला एक उचलायचा. काही पत्ते पिकांचे, काही पाण्याचे. ज्वारी लावायला एक पाणी लागणार, कापसाला दोन, आल्याला चार. आड खाली लावला की दर फेरीला एक पाणी देणार, विहीर दोन. पाच पिकं आधी काढील तो जिंकला; त्यांत ज्वारी आणि कापूस एकेकदाच धरायचे. हे पत्तेही पाकिटातून विकायचे, म्हणजे मुलं जमवतील, अदलाबदल करतील. आणि दहा पाकिटांत एखाद्यातच निघेल असा एक पत्ता होता: बारव. दगडी पायऱ्यांची, कमानींची जुनी विहीर. सरांनी लहानपणी पाहिलेली बारव आठवून ती स्वतः काढली होती.

“पायऱ्या किती होत्या ते पक्कं सांगता येत नाही,” ते म्हणाले. “आम्हाला वरूनच बघायला मिळायची.”

मी पुढं काही विचारलं नाही. आमच्या मळ्यात आमची स्वतःची विहीर होती.

बारव तीन पाणी देणार होती, पण लावल्यावर दोन फेऱ्या थांबायचं, खोदकाम चालू आहे असं समजून. सरांचा सगळा जीव या एका पत्त्याच्या मापात अडकला होता. ते म्हणायचे, “बारव निघाली की पोरगं नाचलं पाहिजे. पण तिच्या जोरावर जिंकता कामा नये. ज्याच्याकडं नाही त्यालाही डोकं चालवून बरोबरीनं जिंकता आलं पाहिजे. पाणी विकत घेऊनच जिंकायचं असेल तर खेळ कशाला पाहिजे, बाहेर तेच चाललंय.”

हे माप बरोबर आहे की नाही ते खेळूनच कळणार होतं. रोज चार वाजता आम्ही माझ्या घरी बसू लागलो. बारवेचा कॅट मी घ्यायचा, साधा सर घेणार. “मीच केलेला पत्ता मीच खेळलो तर माझा हात सैल पडंल नाहीतर घट्ट होईल. वही तुम्ही लिहा, तुमचा धंदाच आहे तो.” मग पत्ते खाली ठेवून ते थांबले. “एक मात्र करा. पूर्ण जोर लावून खेळा. माझी नोकरी लागली, लोक म्हणाले सवलत. हेडमास्तर झालो, सवलत. खेळात तरी सवलत नको.”

“सर, पत्त्यांत मी बापाला सोडत नाय,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

वहीत रकाने होते: कोण जिंकलं, किती फेऱ्यांत, बारव हातात कितव्या फेरीला आली, खाली कितव्या फेरीला लावली. पहिले तीन दिवस मी खरंच जोर लावून खेळलो. कधी मी जिंकलो, कधी ते. दोन डाव माझ्याकडे जास्त होते, एवढंच. आज मला स्पष्ट दिसतं की सरांनी पेन्सिलीनं लिहिलेलं ते पहिलं माप जवळजवळ बरोबर होतं.

चौथ्या दिवशी सर दाढी न करता आले. त्या दिवशी त्यांच्या पत्नीला जाऊन बरोबर चार महिने झाले होते. “आज नको,” म्हणाले. मी बळंच बसवलं. दुसऱ्या फेरीला माझ्या हातात बारव आली. मी पत्त्यांवरून मान वर केली. समोर ते हातातले पत्ते न बघता खिडकीकडे बघत होते. मी बारव लावली नाही. बाकीच्या पत्त्यांमागं सरकवली आणि फालतू ज्वारी लावत बसलो. सर जिंकले. शेवटचं पीक काढताना त्यांनी पत्ता असा आपटला की माझी बायको आतून डोकावली. मग ते हसले, आणि त्यांची बायको सागरगोटे खेळताना कशी लबाडी करायची ते सांगू लागले. ती गेल्यापासून तिचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. तासभर तिच्याबद्दल बोलले, चहा दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बारव दाबून ठेवली. मग रोजच.

वहीचं काय करायचं हा प्रश्न होता. बारव दुसऱ्या फेरीला आली आणि सहाव्या फेरीला लावली असं खरं लिहिलं असतं, तर सरांनी विचारलं असतं, मधल्या चार फेऱ्या काय करत होतात? माझ्या हातात काय आहे ते फक्त मला दिसत होतं. मी लिहिलं: बारव हातात आली, सहावी फेरी. कारखान्यात तेरा वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. मशिनवाल्यांनी चहा पाजला, शिव्या दिल्या, तरी नाही. इथं मात्र हात जरासुद्धा अडखळला नाही. कारण मला वाटत होतं मी चांगलं काम करतोय.

बायकोच्या लक्षात आलं. “रोज हरता आणि वर हसता. मुद्दाम हरता व्हय?”

“त्यांना बरं वाटतंय ना.”

“बरं वाटायला ते काय आजारी हायत? त्यांना कळलं तर?”

“कसं कळंल? हातातले पत्ते काय काचेचे हायत?”

ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

महिन्याभरानं सर वही घेऊन बसले. बराच वेळ आकडेमोड केली, चष्मा काढून पुसला, पुन्हा केली. मग मला म्हणाले, “चाळीसात चार बारव. तिसऱ्या फेरीपर्यंत आठ पत्ते बघून होतात. म्हणजे दहातल्या सहा वेळा तरी एखादी बारव तोवर आली पाहिजे. पहिले तीन दिवस सोडले तर तुमच्याकडं ती सहाव्या फेरीआधी येतच नाही. असं कसं?”

“नशीब आपलं,” मी म्हटलं.

“नशीब एवढं लांब टिकत नसतं, इन्स्पेक्टर. तुम्ही नीट पिसत नसाल.” आणि त्यांनी मला पत्ते पिसायला शिकवलं. दोन भाग करायचे, एकमेकांत घालायचे, असं सात वेळा. आठवडाभर ते माझ्या हाताकडे बघत राहिले आणि मी सात वेळा पिसत राहिलो. बारव वेळेवर येत होती. मी सहावी फेरी लिहीत होतो.

शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ते काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. “गणित एक सांगतंय, वही दुसरं सांगतेय. गणित मी कागदावर केलंय. वही माणसानं समोर बसून लिहिलीय. मी वही खरी मानतो.”

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते पुढं बोलत गेले. बारव इतकी उशिरा येते की ती येईपर्यंत डाव संपलेला असतो, म्हणजे ती दुबळी आहे. ज्याला ती पाकिटात निघेल त्याची निराशा होईल. म्हणून त्यांनी तिचं माप बदललं. थांबायच्या दोन फेऱ्या काढून टाकल्या आणि तीनच्या जागी चार पाणी केलं.

नव्या मापानं खेळलेल्या पहिल्याच डावात मला कळलं की आता बारव हातात दाबूनसुद्धा हरणं अवघड आहे. उशिरा लावली तरी दोन फेऱ्यांत आल्याची दोन पिकं उभी राहत होती. मी आणखी उशिरा लावू लागलो. वहीत शेरा मारला: ठीक.

तोवर सर पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालू लागले होते. छापखान्यात फेऱ्या मारत होते. चित्रं काढून द्यायला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला लावलं होतं. कॉलनीत ज्याला त्याला पाकीट दाखवत होते. असा माणूस समोर असताना सगळं थांबवा म्हणायचं, तेही माझ्यामुळं, हे मला जमलं नाही. खोटं सांगत नाही, प्रयत्नही केला नाही.

औरंगपुऱ्याच्या बाजारातल्या एका स्टेशनरी दुकानदारानं पाकिटं ठेवून घेतली. सुरुवातीला मुलांना आवडली. दोन महिन्यांनी त्यानं दुकानाच्या वरच्या खोलीत रविवारी सामने ठेवले. रिक्षातून आम्ही दोघं गेलो. सरांनी पांढरा शर्ट घातला होता आणि रस्ताभर गुडघ्यावर बोटांनी ताल धरला होता.

खोलीत आठ टेबलं होती आणि बहुतेक कॉलेजची मुलं-मुली. एका मुलीपाशी सर जाऊन उभे राहिले. ती होस्टेलवर राहणारी, इंजिनिअरिंगची. दर फेरीला बोटांवर हिशेब करून, नेमकं तेवढंच पाणी वापरून खेळत होती. सरांनी मला कोपरानं ढोसलं. “बघा, बघा. अशा डोक्यासाठी केलाय खेळ.” समोरच्या मुलाच्या कॅटमध्ये चार बारव होत्या. त्यानं दुसऱ्या फेरीला पहिली लावली, तिसऱ्या फेरीला दुसरी. पाचव्या फेरीला डाव संपला. मुलीनं अजून दोनच पिकं काढली होती.

ती सरांकडे वळली. खेळ त्यांनी केलाय हे सगळ्यांना माहीत होतं. “सर, मी कुठं चुकले?”

“नाही चुकलीस, बेटा. हिशेब बरोबर होता तुझा.”

“मग हरले कशी? बारव नाय म्हणून? मला एकपण निघाली नाय सर. मग मी बसून काय करू?”

दुपारपर्यंत ज्यांच्याकडे बारव नव्हती ती मुलं टेबलावरून उठून खिडकीत समोसे खात उभी होती. दुकानदार मात्र खुशीत. सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “मान गये सर! बारव काढायला पोरं खोकीच्या खोकी उचलायलेत. लई भारी डोकं लावलं.”

परतताना रिक्षात, कॉलनीच्या वळणावर सर म्हणाले, “इन्स्पेक्टर, त्या पोरांना बारव दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला येत होती. प्रत्येक टेबलावर. मी मोजत होतो.”

मी बाहेर बघत राहिलो.

“तुम्हाला पहिल्या तीन दिवसांनंतर दीड महिन्यात एकदाही का आली नाही?”

रिक्षावाल्यानं गाणं लावलं होतं. ते बंद करा म्हणावं आणि सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलं. मी म्हणालो, “आपले पत्ते लग्नपत्रिकांचे होते सर. जाड-बारीक. पिसले गेले नसतील नीट.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाले, “व्हय. असंल.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानातून उरलेली सगळी पाकिटं परत आणली. संध्याकाळी कॉलनीच्या बाकावर कुणीतरी विचारलं, खेळ बंद का केला. सर म्हणाले, “माझं गणित चुकलं.” मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. एकजण म्हणाला, “सर, गणिताचा मास्तर आणि गणितात नापास?” सगळे हसले. सरही हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी खोट्या आकड्यांचीही वाटत नाही.

चारची बेल पुन्हा वाजली नाही. मी वर गेलो तर “आज नको” म्हणायचे. आणि ते मला इन्स्पेक्टर म्हणेनासे झाले. ‘भाऊसाहेब’ म्हणू लागले, अगदी अदबीनं, नळदुरुस्तीच्या सोसायटी-मिटिंगमध्ये म्हणतात तसं. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. कळलं असेल तर त्यांनी मला उघडं पाडलं नाही. कळलं नसेल तर स्वतःचं गणित कच्चं आहे असं मानत ते राहिले. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी ठरवू शकलो नाही.

सहा महिन्यांनी मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. नंतर लॉकडाऊन लागलं आणि न जायला मला कारण मिळालं. फोन व्हायचे. एकदा मी मनाशी वाक्यं घोकून फोन लावला.

“सर, त्या वहीबद्दल जरा बोलायचं होतं.”

“कोणती वही, भाऊसाहेब?”

“आपल्या खेळाची.”

घोकलेली वाक्यं बाजूला ठेवून मी म्हणालो, “काही नाही, रद्दीत काढू का विचारत होतो.”

“काढा की,” सर म्हणाले.

ते गेले ते हृदयविकारानं, नागपूरलाच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पिशोरला झाला. मी कन्नडहून बस बदलून गेलो. विहारासमोर मांडव होता, जुने विद्यार्थी बरेच आले होते. मला शेजारी आणि मित्र म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक हातात आला. मी बोललो: सर शिस्तीचे होते, सर मनमिळाऊ होते, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. कुणाबद्दलही बोलता येईल असं बोललो आणि खाली बसलो. निघताना त्यांची मुलगी पाया पडली. म्हणाली, “काका, खेळाच्या त्या दिवसांनी बाबांना जगवलं. तुम्ही होता म्हणून.” तिला तरी सांगायला हवं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस चुकेल म्हणालो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि तीच खरी लिहायची आहे. माझ्या धाकट्या भावाशी मी पन्नास वर्षं रमी खेळतोय. त्याचं बायपास झालं, तो घरी आला त्याच दिवशी मी त्याला तीन डाव हरवलं, आणि तो मला शिव्या देत होता. त्याची बायको वारली तेव्हाही मी त्याला एक पत्ता सोडला नाही. तो हरू शकतो, त्याला सोसेल, असं मी धरूनच चाललो होतो. सरांच्या बाबतीत मी तसं धरलं नाही. त्यांना मी वरून काहीतरी देत होतो, आणि देताना मला बरं वाटत होतं. आमच्या घरात मी लहानपणापासून असं देणं पाहिलं होतं. कुणाला दिलं जायचं, तेही पाहिलं होतं. त्या देण्यातून बाहेर पडायला सरांनी सगळं आयुष्य घातलं, आणि मी त्यांच्या समोर बसून, रोज चार वाजता, त्यांना परत त्यातच ढकलत होतो.

सर, बारव माझ्या हातात होती. बहुतेक डावांत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच होती, तुम्ही म्हणाला होतात तशीच. तुमचं गणित बरोबर होतं. वही खोटी होती आणि ती मी लिहिली. तुम्ही पूर्ण जोर लावून खेळा म्हणालात, आणि मी तुमच्यावर दया केली. मी तुम्हाला बरोबरीचं धरलं नाही. मला माफ करा.